पाच बोटांची फळं

"वन्सं, हात बाजूला घ्या आधी!"

भामानं माझ्या मनगटावर अशी चापट मारली की बांगड्या खणकन वाजल्या. मी नुसतं एका टमाट्याच्या फुलाला बोट लावलं होतं. चाळिशी ओलांडलेली बाई मी, जिंतूरहून महालक्ष्म्यांना माहेरी आलेली. माझं कौतुक व्हायचं राहिलं बाजूला, आल्या आल्या धाकट्या भावजयीचा मार खात होते.

"अगं फूल आहे ते, तुझ्या माहेरचं सोनं नव्हे," मी म्हटलं.

"सोनं असतं तर लावू दिला असता की हात. सोन्याला काय होतंय?" असं म्हणून तिनं ते फूल चिमट्यात धरून उलटसुलट पाहिलं आणि मानेनंच बरं आहे म्हणाली. झाडाला म्हणाली का मला, ते कळलं नाही.

आमच्या मळ्यात तेव्हा नव्यानंच शेडनेट उभं राहिलं होतं. वर पांढरी जाळी, आत टमाट्याच्या रांगा सुतळीनं उभ्या बांधलेल्या, आणि प्रत्येक रांगेत दोन-दोन बाया चिमटा घेऊन वाकलेल्या. जालन्याच्या पलीकडं आमच्या पट्ट्यात आता हे घरोघर झालंय, पण त्या काळी गावात असले प्लॉट मोजकेच. कंपनी रोपं द्यायची, आपण बी तयार करून द्यायचं. मला वाटलं होतं टमाटे पिकवायचे, बी काढायचं, संपलं. त्यात बायकांनी असं डोळे फोडून काय बघायचं?

"दाखव तरी," मी म्हटलं. "काय एवढं गुपित आहे ते बघू दे."

भामानं एक मिटलेली कळी बोटांवर घेतली. अजून पुरती पिवळीसुद्धा झाली नव्हती. चिमट्यानं तिनं कळी अलगद उघडली आणि आतली पिवळसर नळी पाकळ्यांसकट अख्खी उपसून काढली. मागं राहिला एक हिरवा दोरा, सुईत ओवायच्या दोऱ्याएवढा.

"हा दोरा म्हणजे मादी. आणि ही नळी काढली ना, ती नर. दोघं एकाच कळीत. तुम्ही हिच्या नादी लागला नाहीत तर उद्या ही उमलते, नळी फुटते, पराग आतल्या आत त्या दोऱ्यावर पडतो, की धरलं फळ. मधमाशी नको, फुलपाखरू नको, कुणी कुणी नको."

"म्हणजे स्थळ बघायला जायलाच नको!"

"नको."

"मानपान नको, सासू नको, नणंद नको?"

"नणंद तर आधी नको," भामा म्हणाली, आणि दोन रांगांमधल्या सगळ्या बाया फिदीफिदी हसल्या. भामाही हसली. माझा भाऊ सुदाम गेल्यापासून मी तिला हसताना पहिल्यांदा बघत होते, म्हणून मी मुद्दाम रुसल्याचं सोंग केलं आणि तिला आणखी हसू दिलं.

मग तिनं उरलेलं सांगितलं. कंपनीला असं आपलं आपण धरलेलं फळ चालत नाही. त्याला ते 'सेल्फ' म्हणतात. कंपनीला या झाडाची आई आणि पलीकडच्या कोपऱ्यातल्या वेगळ्या जातीच्या झाडांचा बाप, असं दोघांचं बी हवं असतं. म्हणून आज दुपारी कळीतली नळी काढायची, आणि उद्या सकाळी कोपऱ्यातल्या झाडांचा पराग डबीत घेऊन त्या दोऱ्याला लावायचा. आणि लावला याची खूण म्हणून फुलाच्या बुडाशी जी पाच हिरवी पानं असतात, त्यातली दोन कात्रीनं खुडून टाकायची. आमच्याकडच्या बाया त्या पानांना बोटं म्हणायच्या. तीन बोटांचं फळ दिसलं की ते क्रॉसिंगचं. पाच बोटांचं दिसलं की ते सेल्फ, तोडून फेकायचं.

"एवढं छान आपलं आपण फळतंय झाड, आणि तुम्ही त्याच्या मागं लागून ते बंद करता," मी म्हटलं.

"काय करता. हट्टी आहे हो भारी. एक दिवस नजर काढली की उरकलंच त्याचं." ती हे रागानं म्हणत नव्हती. नवऱ्याची खोड सांगावी तशी सांगत होती.

नेटच्या दाराशी बोरीच्या सावलीत आई बसली होती. सुदाम ट्रॅक्टरखाली गेला त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून आई अशी कुठंतरी कडेला बसून असायची. जेव म्हटलं की जेवायची, ऊठ म्हटलं की उठायची. बोलणं जवळपास बंदच झालं होतं.

भामाचं काय पणाला लागलं होतं ते आता सांगते. आम्ही तीन भावंडं. थोरला रंगनाथ, मग मी, आणि सगळ्यांत धाकटा सुदाम. दादाचं जालन्याला पाइपांचं दुकान, दादा माणूस वाईट नाही, पण त्याला सगळं आपल्या मुठीत असलं की झोप लागते. सुदाम गेल्यावर त्यानं ठरवलं की मळा आपण बघायचा आणि भामानं तिच्या भावाकडं जाऊन राहायचं. "पोरगी तरणी आहे, मागं ना मूल ना बाळ. एकटीनं मळा होतो का? लोक काय म्हणतील?" असं तो ज्याला त्याला सांगत होता. त्यात त्याला खरंच तिची दया येत होती, हेच तर जास्त वाईट होतं.

अक्षय तृतीयेला आम्ही सगळे जमलो तेव्हा त्यानं हा विषय काढला. भामा वाढत होती. हातातलं ताट खाली ठेवून ती म्हणाली, "भाऊजी, मला एक हंगाम द्या. कंपनीचा प्लॉट घेते. बी पास झालं तर मळा मी करीन आणि तुम्ही पुन्हा हा विषय काढायचा नाही. नापास झालं तर मी माझी पेटी भरते."

दादा म्हणाला, "ठरलं. नंतर रडायचं नाही."

तेव्हा भामानं आईकडं पाहिलं होतं. सासू काहीतरी बोलेल, एवढं तरी म्हणेल की ही माझी सून आहे, कुठं जायची नाही. आई आपल्या पानातल्या आमरसाकडं बघत बसली. मला इतका राग आला होता आईचा, पण मी लेक, लग्न होऊन गेलेली, माझं कोण ऐकतंय? आणि खरं सांगायचं तर भामाला हे जमेल असं मलाही वाटलं नव्हतं.

बी पास होणं म्हणजे काय, तर कंपनी आपल्या बियांतलं थोडं बी स्वतः पेरून बघते. रोपं मोठी झाली की एकेक झाड तपासते. त्यात सेल्फची झाडं थोडीशी जरी जास्त निघाली, तरी सगळंच्या सगळं बी नापास.

महालक्ष्म्या आल्या. आमच्याकडं ते तीन दिवस म्हणजे कुणी बाई कुणाच्या कामाला जात नाही. मुखवटे बसवायचे, सोळा भाज्या, पुरण, आंबील, कटाची आमटी, हळदीकुंकू. भामा विधवा म्हणून तिनं पूजेला हात लावायचा नाही, पण चुलीपाशी मात्र सगळं तिनंच रांधायचं, असा आमचा न्याय. ती पहाटे उठून नेटमध्ये पाणी सोडून यायची आणि मग दिवसभर चुलीपुढं. क्रॉसिंग कुणी करायचं? तीन दिवस फुलं उमलली आणि आपलं आपण जे करायचं ते करून मोकळी झाली.

तिसऱ्या दिवशी गौरी उठल्या. मला खरं तर निघायचं होतं, पण सुदामचं पित्र पंधरवड्यावर आलं होतं. एवढ्यासाठी जिंतूरला जा आणि परत ये कशाला, म्हणून मी राहिले. शिवाय आमच्या ह्यांना दोन आठवडे स्वतःच्या हातची भाकरी खायला लावावी असंही मनात होतं.

दुसऱ्या दिवशी भामा आईपाशी जाऊन बसली. "आत्याबाई, एक काम कराल का? बसल्या बसल्या होईल. सणाच्या दिवसांतली फळं धरायला लागलीत. पाच बोटांचं फळ दिसलं की तेवढं काढून टाकायचं. ओढू नका, घोस हलतो. ही छोटी कात्री घ्या."

आईनं कात्री घेतली. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून ती खरंच उठून नेटमध्ये जायला लागली. एक पाट घेऊन रांगेत बसायची, खालचा घोस हातात घ्यायची, डोळ्यांजवळ नेऊन बघायची, कात्री चालवायची, पाट पुढं सरकवायची. मला इतकं बरं वाटलं! आईला काहीतरी करावंसं वाटतंय, हेच मोठं होतं. मी भामाला म्हटलं, "तू बाई माझ्या आईला उठवलंस." भामा म्हणाली, "त्यांचेच डोळे शाबूत आहेत, मी काय केलं?"

पुढं आठ-दहा दिवसांनी कंपनीचे कायंदे मोटारसायकलवरून आले. प्लॉट बघायला तेच यायचे. उंच, वाकलेला माणूस, टोपी कधी काढायचा नाही. रांगांमधून सावकाश फिरले, घोस उचलून बघितले, आणि दाराशी येऊन म्हणाले, "भामाबाई, मानलं बुवा तुम्हाला! गावातल्या बाकी सगळ्या प्लॉटला सणाच्या दिवसांतले खालचे घोस अर्धे रिकामे आहेत. तुमचे मात्र भरलेले, आणि सगळी तीन बोटांची. महालक्ष्म्या असून क्रॉसिंग सोडलं नाही तुम्ही!"

मी अभिमानानं फुगले. चहा ठेवते म्हणून वळले, तर भामाचं तोंड पांढरं पडलेलं. कायंद्यांना चहा दिला, त्यांनी घेतला, मोटारसायकल गेली, आणि भामा तीरासारखी नेटमध्ये शिरली. मी मागं मागं.

"काय झालं गं?"

"त्या तीन दिवसांत कुणी क्रॉसिंग केलंच नाही, वन्सं. खालचे घोस अर्धे तरी रिकामे असायला हवेत."

ती गुडघ्यांवर बसली आणि एक घोस उचलून माझ्यापुढं धरला. बोरापेक्षा थोडी मोठी हिरवी फळं. सगळ्यांना तीन-तीन बोटं. मला त्यात काही वेगळं दिसेना.

"हे बघा," ती म्हणाली. "हे आमच्या बायांनी केलेलं. पराग लावतानाच बोटं खुडली, म्हणून खुंट कसा बारीक आहे आणि सुकून काळा पडलाय. आणि हे बघा, याचा खुंट रुंद, अजून हिरवा. बोटं वाढल्यावर कुणीतरी कापलीत."

कुणीतरी म्हणजे कोण, हे आम्हाला दोघींनाही विचारायची गरज पडली नाही. आई पुढच्या रांगेत पाटावर बसली होती. हातात कात्री. एक घोस डोळ्यांजवळ धरून तिनं एका फळाची दोन बोटं नीट, मन लावून कापली, आणि घोस परत अलगद सोडून दिला.

"आई!" मी ओरडलेच. "काय करतेस हे?"

आईनं वर पाहिलं. "का? दोन कापली की ठेवता ना तुम्ही?"

"अगं ती खूण आहे! ज्याला पराग लावला त्याची खूण! तुला फळ काढून टाकायला सांगितलं होतं ना?"

"सांगितलं व्हतं." आईनं कात्री मांडीवर ठेवली. दोन वर्षांत ती एवढं सलग बोलली नव्हती, म्हणून तिचा आवाज आधी फुटेचना. "सणाच्या दिवसांत कुणी बघितलं न्हाई त्यांच्याकडं. पाणी तेवढं मिळालं. तरी धरली बिचारी आपली आपण. अन् मी कात्री घेऊन जायचं, अन् म्हणायचं, तुला कुणी शिवलं न्हाई, तू जा उकिरड्यावर? म्या पहिलं एक तोडलं. दुसरं माझ्यानं तोडवंना. एकट्यानं धरलं हा काय त्याचा गुन्हा झाला का?"

भामा माझ्या शेजारी उभी होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

"लोक हिलाबी तेच म्हणत्यात," आई हळूच म्हणाली. "एकटीचं काय खरं. म्या म्हणलं, दोन बोटं कापल्यानं जर ठेवून घेत असतील तर कापते की. चार फळं जास्त लागली तर रंगाचं तोंड तरी बंद हुईल."

मला रडावं का हसावं ते कळेना. आयुष्यभर शेतात राबलेली बाई, फळ मातीत टाकणं तिला पाप वाटणार हे आमच्या एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं. भामा खाली बसली. मला वाटलं आता ही आईला फाडून खाईल, आणि खाल्लं असतं तर मी तिला अडवलं नसतं. पण तिनं फक्त हात पुढं केला.

"आत्याबाई, कात्री द्या."

आईनं दिली.

"पहिल्या दिवसापासून असंच केलंत?"

"पहिल्या दिवसापासून."

भामानं डोळे मिटले. नंतर तिनं मला समजावलं तेव्हा मला कळलं. काल-परवा कापलेली फळं खुंटावरून ओळखू येत होती. पण आईनं सुरुवातीला, फळ जोंधळ्याएवढं असताना कापलेली बोटं आता बायांनी कापलेल्यासारखीच सुकली होती. त्यातलं सेल्फ कोणतं आणि खरं कोणतं, हे आता जगात कुणी सांगू शकलं नसतं.

मी तिला बाजूला घेऊन गेले. "भामा, ऐक माझं. कायंदे बघून गेले. ते खूश आहेत. ओळखू येतात तेवढी काढ, बाकीची राहू दे. कुणाला कळतंय?"

"पेरल्यावर कळतं."

"थोडी असतील. खपून जातील."

"आणि नाही खपली तर? आणि खपली तरी, वन्सं, कुणीतरी ते बी विकत घेऊन लावणार. हे झाड लपवत नाही काही. त्याच्या रानात अर्धी झाडं बुटकी निघाल्यावर तो कपाळावर हात मारून घेईल. त्याच्या बायकोनं मला शिव्या दिलेल्या मला इथं ऐकू येतील."

"मग काय करणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाया आल्यावर तिनं सांगितलं, "आज क्रॉसिंग नंतर. आधी प्रत्येक झाडाचे खालचे दोन घोस काढायचे. तीन बोटांची असोत नाही तर पाच, सगळी."

बायांतली चंद्रभागा म्हणून एक होती, सगळ्यांत जुनी, ती म्हणाली, "अवो, त्यात आपण केलेलीबी जातील. उन्हात पाठ मोडून केलेली."

"जाऊ द्या."

"सगळी?"

"सगळी." आणि पहिल्या रांगेतल्या पहिल्या झाडाचा घोस तिनं स्वतः कापला. तिच्या हातानं क्रॉसिंग केलेला. मी तिच्याकडं बघत होते. मला तर एक बांगडी फुटली तरी आठवडाभर चुटपुट लागते, आणि ही बाई आपला निम्मा हंगाम आपल्या हातानं पाटीत टाकत होती. मी तेव्हाच मनात म्हटलं, सुदाम, काय बायको केली होतीस रे तू!

मग मीही कात्री घेतली. आई थोडा वेळ दाराशी उभी राहिली, आणि मग रिकामी पाटी घेऊन आत आली आणि आम्ही कापलेलं गोळा करायला लागली. दुपारपर्यंत अंगणात हिरव्या फळांचा ढीग झाला. आम्ही त्यांचा ठेचा केला, भाजी केली, सगळ्या बायांना पदर भरभरून दिली, तरी ढीग काही हलेना.

आणि त्या ढिगापुढंच सुदामच्या पित्राच्या दिवशी दादाची जीप उभी राहिली.

पित्राचा स्वयंपाक झाला होता. खीर, वडे, कढी, सगळ्या भाज्या. सुदामला हिरव्या टमाट्याचा ठेचा भारी आवडायचा, तो आईनं आठवणीनं पानात वाढला होता. पान छपरावर ठेवलं आणि खाली आलो, तर दादा ढिगापाशी उभा. एक फळ हातात घेऊन बघत होता.

"हे काय?" त्यानं विचारलं.

"प्लॉटमधली फळं," भामा म्हणाली. "काढून टाकावी लागली."

"एवढी? का?"

मी आईकडं पाहिलं. आई ओसरीवर पळी घेऊन बसली होती, ती तशीच थांबली. भामानं मात्र तिकडं मान वळवली नाही.

"माझ्या हातून चूक झाली, भाऊजी. खुणा करताना घोटाळा झाला. म्हणून सगळी काढली."

मी तोंड उघडलं, तर भामानं माझ्याकडं असं पाहिलं की मी ते मिटलं. मी, जिचं तोंड तिची सासूसुद्धा मिटवू शकली नाही.

दादा फळ परत ढिगात टाकून म्हणाला, "मी काही आनंदानं सांगत नाही हे. पण मी आधीच बोललो होतो, एकटीनं होत नाही. तुझा दोष नाही त्यात. दिवाळीनंतर भावाला बोलावून घे. मळ्याचं मी बघतो."

भामा खाली मान घालून उभी. मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात ओसरीवर पळी आपटली.

"रंगा," आई म्हणाली, "ती खोटं बोलतीय. तो घोटाळा माझा हाय."

दादा वळून आईकडं बघत राहिला. आई बोलते हेच तो विसरला होता.

"म्या केला. तिनं निस्तरला. अर्धं रान रिकामं केलं पर खोटं बी ठेवलं न्हाई. तुझ्यानं झालं असतं का? माझ्यानं तर न्हाई झालं." आई दम घ्यायला थांबली. "अन् तुमचं काय ठरलं व्हतं? बी पास का नापास. अजून नापास झालेलं न्हाई. वरचे घोस शाबूत हाईत. त्यो निकाल लागस्तवर या घरातून कुणी कुठं जायचं न्हाई. हात धू अन् जेवायला बस. भावाचं पित्र हाय."

दादानं हात धुतले. जेवला. ठेचा दोनदा मागून घेतला.

त्यानंतर दसऱ्यापर्यंत वरच्या घोसांचं क्रॉसिंग चाललं. मी जिंतूरला निरोप धाडला की मला यायला उशीर होईल, आणि चिमटा हातात घेतला. पहिल्या दिवशी मी इतक्या कळ्या मोडल्या की चंद्रभागा म्हणाली, "तुम्ही आपल्या बाहेर सावलीलाच बसा." मग जमलं. आईला भामानं पुन्हा तेच काम दिलं, पाच बोटांची फळं काढायचं. मी म्हटलं, "हिला पुन्हा? वेडी आहेस का?" भामा म्हणाली, "आता त्यांच्यासारखं कुणी करणार नाही." आणि खरंच, आई एवढीशी फळं हुडकून हुडकून काढायची. प्रत्येक फळ काढताना काहीतरी पुटपुटायची. काय ते मी कधी विचारलं नाही. रोज दुपारी नेटमध्ये तो वास, ती ओली उष्ण हवा, आणि ती हट्टी झाडं. आमची नजर चुकवून एखादं फूल कुठंतरी पानाआड आपलं आपण फळून जायचंच, आणि ते सापडलं की मला राग यायच्या ऐवजी त्याचं कौतुकच वाटायचं. कुणाची वाट न बघता जे होतं ते निभावून न्यायचं, ही काय साधी गोष्ट आहे?

बी थोडंच निघालं. होळीच्या आधी कायंदे निकाल घेऊन आले. मी मुद्दाम माहेरी आले होते. मोटारसायकल उभी करायच्या आधीच ते लांबून ओरडले, "पास!" आई आतून साखरेची वाटी घेऊन आली आणि आधी कायंद्यांच्या नाही, भामाच्या तोंडात चिमूट घातली.

दादानं दिलेला शब्द पाळला, हे त्याच्याबद्दल सांगितलंच पाहिजे. पाडव्याला तो जीपमध्ये पाइपांच्या गुंडाळ्या घालून आला, नेटपाशी उतरवल्या, म्हणाला, "दुसरं नेट उभारशील तेव्हा लागतील." त्यानंतर मळ्याचा विषय आमच्या घरात कधी निघाला नाही.

आज भामाची चार नेट आहेत. गावातल्या पोरी तिच्याकडं शिकायला येतात आणि तिच्या चापट्या खातात. आई गेली तिलाही आता बरीच वर्षं झाली. तिच्या तेराव्याचं जेवण उरकल्यावर आम्ही दोघी मागच्या अंगणात भांडी घासत होतो, तेव्हा मी भामाला विचारलं. कितीतरी दिवस मनात होतं.

"त्या दिवशी दादापुढं आईचं नाव का नाही घेतलंस गं? मळा हातातून चालला होता तुझ्या. एका शब्दाचं काम होतं."

भामा तवा घासत होती. तिनं तो धुतला, उन्हात उभा करून ठेवला.

"वन्सं, हे गेल्यापासून या घरात माझ्यासाठी कुणी हात उचलला नव्हता. आत्याबाईंनी उचलला. कात्री चुकीच्या जागी चालवली, पण माझ्यासाठी चालवली ना?" तिनं पदरानं हात पुसले. "झाडावरचं सगळं काढून टाकलं मी. तेवढं एक मात्र माझ्यानं काढवलं नाही."